अडचणीच्या वाटेची तपासणी

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत वितरित झाले. त्यानंतर देशभरात १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आणि रेशनचे धान्य, निवृत्तिवेतन, बँकेतून पैसे काढणे असे अनेक व्यवहार बोटाच्या ठशाशी जोडले गेले. ठसा जुळला की व्यवहार पुढे सरकतो, आणि या सरळ वाटेबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ठसा जुळला नाही, ठसावाचकाची वायर सैल झाली, रेंज गेली किंवा यंत्राची मेमरी अपुरी पडली, तर यंत्राच्या आत काय घडते आणि काय घडायला हवे, याची चर्चा क्वचितच होते. रेशन दुकानात या सर्व प्रकारांना ‘अंगठा लागत नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’ अशी दोनच उत्तरे ठरलेली असतात. त्या उत्तरांमागची निरनिराळी कारणे वेगळी ओळखता येणे किंवा न येणे, हे यंत्रातील सॉफ्टवेअरच्या अगदी तळाच्या थरापासून ठरू लागते. त्या थरातील कोड लिहून झाल्यावर दुसऱ्या जाणकाराने तो ओळ न् ओळ वाचून त्यावर हरकती नोंदवण्याची जी पद्धत आहे, तिला कोड रिव्ह्यू म्हणजे कोड-परीक्षण म्हणतात. या परीक्षणाचा फार मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो : काही बिघडले, तर हा कोड काय करील?

गाभा आणि त्याची जबाबदारी

मोबाइल, संगणक किंवा रेशन दुकानातील ई-पॉस मशीनच्या पडद्यावर दिसणारी ॲप्स यंत्राच्या भागांना थेट हात लावीत नाहीत. मेमरी, साठवण, पडदा, ठसावाचक, सिमकार्ड या सर्वांवर ताबा ठेवणारा एक प्रोग्रॅम त्यांच्या खाली अखंड चालू असतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या या गाभ्याला कर्नल म्हणतात. ॲपला फाइल वाचायची असो वा नेटवर्कवर मजकूर पाठवायचा असो, त्याला कर्नलकडे मागणी करावी लागते आणि कर्नल ती पुरी करतो किंवा नाकारतो. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स हा आज सर्वांत दूरवर पसरलेला कर्नल आहे. अँड्रॉइडच्या तळाशी तोच असल्याने सातपुड्यातील पाड्यावरच्या साध्या स्मार्टफोनमध्येही तो चालतो, आणि अँड्रॉइडवर आधारलेल्या ई-पॉस यंत्रांतही तोच असतो. त्याच्या कोडच्या ओळी ३ कोटींहून अधिक असून त्यांतील अर्ध्याहून जास्त भाग ड्रायव्हरचा आहे. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट उपकरणाशी बोलणी करणारा कर्नलचा तुकडा.

ॲपमध्ये चूक झाली आणि ते बंद पडले, तर त्याने घेतलेली मेमरी कर्नल परत घेतो, उघड्या फायली मिटवतो आणि बाकीचे यंत्र चालू राहते. कर्नलच्या खाली मात्र अशी आवराआवर करणारे दुसरे कोणी नसते. कर्नलने घेतलेली मेमरी परत करायची राहिली, तर ती यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत अडकून पडते. एकाच माहितीवर दोघांनी एकाच वेळी हात टाकू नये म्हणून लावलेले कुलूप, ज्याला लॉक म्हणतात, उघडायचे राहिले, तर त्याची वाट पाहणारी बाकीची कामे कायमची खोळंबतात. आणि परत केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली गेली, तर भलत्याच्याच माहितीवर भलतेच काही लिहिले जाते. या तिन्ही चुका नेहमीच्या सुरळीत कामात सहसा घडत नाहीत. एखादी मागणी अर्ध्यावर फसल्यानंतर जी क्वचित चालणारी वाट असते, त्या वाटेवर त्या घडतात.

या प्रश्नाचा इतिहास कर्नलइतकाच जुना आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीम तयार होत होती. तिच्यावर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे : मल्टिक्समध्ये आपण लिहीत असलेल्या कोडपैकी निम्मा भाग त्रुटीतून सावरण्यासाठीच असतो, असे त्यांनी युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचे एक जनक डेनिस रिची यांना सांगितले, तेव्हा युनिक्समध्ये तो सारा भाग वगळला असून चूक झाल्यास पॅनिक नावाचे एक फंक्शन चालवले जाते आणि यंत्र थांबते, असे उत्तर रिची यांनी दिले. प्रयोगशाळेतील एका छोट्या यंत्रासाठी ही सुटसुटीत रचना योग्यच होती आणि युनिक्सच्या यशात तिचा वाटाही होता. पॅनिक हे फंक्शन लिनक्समध्ये आजही आहे. परंतु कोट्यवधी लोकांचे व्यवहार ज्या गाभ्यावर उभे आहेत, त्याने प्रत्येक किरकोळ अडचणीवर यंत्र थांबवून चालत नाही, म्हणून मल्टिक्सने जे कष्ट घेतले होते ते वेगळ्या रूपात पुन्हा घ्यावे लागले.

एका ड्रायव्हरचे परीक्षण

हे कष्ट कसे असतात ते कळण्यासाठी यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या ठसावाचकाच्या ड्रायव्हरचे उदाहरण जवळून पाहता येईल. वाचक यंत्राला जोडला की कर्नल त्या ड्रायव्हरमधील प्रोब नावाचे फंक्शन चालवतो. हे फंक्शन पाच कामे क्रमाने करते : स्वतःच्या नोंदींसाठी थोडी मेमरी मागते, हे उपकरण आपण वापरीत आहोत अशी नोंद कर्नलकडे करते, ठशाची माहिती साठवण्यासाठी बफर म्हणजे मेमरीचा मोठा तुकडा घेते, यूएसबीवरून माहिती मागवण्यासाठी विनंतीचा साचा तयार करते, आणि शेवटी हे उपकरण ॲपना उपलब्ध आहे असे जाहीर करते. यांतील कोणतेही काम फसू शकते, आणि ज्या टप्प्यावर फसले त्याच्या आधीची सर्व कामे उलट्या क्रमाने मोडून मगच फंक्शनने बाहेर पडायचे असते. मांडव उतरवताना आधी कापड, मग आडवे वासे आणि शेवटी खांब निघतात, तसाच हा क्रम असतो.

ज्या सी भाषेत कर्नल लिहिला जातो, तिच्यात ही आवराआवर आपोआप होत नाही. म्हणून फंक्शनच्या तळाशी आवराआवरीच्या ओळी उलट्या क्रमाने लिहून ठेवतात, प्रत्येक टप्प्याला लेबल म्हणजे खुणेचे नाव देतात आणि जेथे काम फसेल तेथून गोटू या आज्ञेने नेमक्या लेबलावर उडी घेतात. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात गोटू टाळावे असे शिकवले जात असले, तरी लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमावलीत या एका कामासाठी त्याची स्पष्ट शिफारस आहे. शिवाय ‘त्रुटी १’, ‘त्रुटी २’ अशी नावे न ठेवता ‘बफर सोडा’ अशा अर्थाचे, पुढचे काम सांगणारे नाव लेबलाला द्यावे असेही ती नियमावली सांगते. परीक्षक आधी ही खालची शिडी वर घेतलेल्या पायऱ्यांशी एकेक करून जुळवून पाहतो.

अशा ड्रायव्हरवर येणाऱ्या हरकतींचे काही ठरलेले प्रकार आहेत. पहिला प्रकार गळतीचा आहे : चौथे काम फसल्यावर लिहिणाऱ्याने थेट फंक्शनमधून बाहेर पडण्याची आज्ञा दिली, त्यामुळे आधी घेतलेला बफर आणि उपकरणाची नोंद तशीच राहिली. दुसरा प्रकार याच्या उलट आहे. सर्व अपयशांसाठी एकच लेबल ठेवल्याने पहिलेच काम फसले तरी पाचही वस्तू सोडण्याचा प्रयत्न होतो, जी वस्तू कधी मिळालीच नव्हती तिच्या आतील पत्ता वाचला जातो आणि कर्नल कोसळतो. नियमावलीत या चुकीला स्वतंत्र नाव देऊन लेबले वेगळी करण्याचा उपाय सांगितलेला आहे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. लिनक्समध्ये फंक्शन यशस्वी झाले तर शून्य आणि अयशस्वी झाले तर कारण सांगणारा ऋण क्रमांक परत देते. मेमरी मिळाली नाही तर उणे १२, माहितीच्या देवाणघेवाणीत बिघाड झाला तर उणे ५, उपकरणच जागेवर नाही तर उणे १९, ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही तर उणे ११०, असे हे क्रमांक ठरलेले आहेत. मागच्या टप्प्यात यश मिळाल्याने क्रमांकाच्या जागी शून्य बसलेले असते. पुढचा टप्पा फसल्यावर तेथे नवा क्रमांक ठेवायचा राहून गेला, तर आवराआवर व्यवस्थित होते, फंक्शन संपते आणि वरच्या थराला ‘काम झाले’ असा निरोप जातो. जे उपकरण सुरूच झाले नाही ते सुरू आहे असे समजून सगळी यंत्रणा पुढे चालू लागते, आणि बिघाड मूळ जागेपासून कितीतरी दूर, भलत्याच रूपात प्रकट होतो.

चौथा प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो. खालच्या फंक्शनने उणे ११० दिले असताना ड्रायव्हर लिहिणारा ते बाजूला टाकून सरसकट उणे १ परत देतो. परीक्षक यावर ठामपणे हरकत घेतो, कारण उणे १ या क्रमांकाला कर्नलमध्ये स्वतःचा अर्थ आहे : परवानगी नाही. उपकरणाकडून वेळेत उत्तर न येणे ही पुन्हा प्रयत्न करण्याजोगी अडचण आहे, तर परवानगी नसणे हा नकार आहे, आणि या दोन्हींवरचे उपाय सर्वस्वी वेगळे आहेत. म्हणून खालून आलेला क्रमांक सबळ कारण नसेल तर जसाच्या तसा वर पाठवावा, असा संकेत आहे.

पाचवा प्रकार पॉइंटरचा म्हणजे मेमरीतील पत्त्याचा आहे. काही फंक्शने अपयशी ठरल्यावर शून्य पत्ता देतात, तर काही फंक्शने पत्त्याच्याच जागी त्रुटी क्रमांक भरून पाठवतात. पत्त्यांच्या अगदी शेवटच्या टोकाची ४,०९५ मूल्ये लिनक्सने त्यासाठी राखून ठेवली आहेत. दुसऱ्या जातीच्या फंक्शनचे उत्तर केवळ शून्याशी ताडून पाहिले, तर त्रुटी क्रमांकालाच खरा पत्ता समजून कोड पुढे जातो. सहाव्या प्रकारात अपयश खरे अपयशच नसते : उणे ५१७ या क्रमांकाचा अर्थ ‘ज्याच्यावर हे उपकरण अवलंबून आहे ते अजून तयार झालेले नाही, नंतर पुन्हा विचारा’ असा आहे, आणि त्याला बिघाड ठरवून नोंदवहीत तक्रारी लिहिणाऱ्या ड्रायव्हरला परीक्षक अडवतो. याउलट छोट्याशा विसंगतीवर सगळे यंत्रच थांबवणाऱ्या आज्ञा नव्या कोडमध्ये घालू नयेत, इशारा नोंदवून शक्य तेथे सावरावे, अशीही सूचना वारंवार दिली जाते.

हरकत कशी लिहावी, यालाही महत्त्व आहे. ‘त्रुटी-हाताळणी नीट करा’ या शेऱ्यातून लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘बफर मिळाला नाही तर वर केलेली उपकरणाची नोंद येथे सुटत नाही, म्हणून थेट बाहेर न पडता नोंद सोडणाऱ्या लेबलावर जावे’ हा शेरा परिस्थिती, परिणाम आणि उपाय तिन्ही सांगतो. त्यानंतर लेखक दुरुस्त आवृत्ती पाठवतो, तिच्यावर पुन्हा हरकती येतात, आणि समाधान झाल्यावर परीक्षक त्या बदलाखाली आपले नाव परीक्षक म्हणून लावतो. त्या विभागाचा मेंटेनर म्हणजे देखरेखीची जबाबदारी घेतलेला प्रोग्रॅमर बदल स्वीकारतो, आणि तो पुढे टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत जाऊन साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी निघणाऱ्या नव्या आवृत्तीत येतो. पुढे दोष आढळला तर दुरुस्ती करणारा कोणत्या जुन्या बदलामुळे तो आला हेही लिहून ठेवतो. नाव लावण्याच्या या रिवाजामुळे परीक्षण ही जाहीर जबाबदारी ठरते.

संशोधनाने दाखवलेले चित्र

एवढी दक्षता घेऊनही ही वाट किती असुरक्षित राहते, याचा शोध संशोधकांनी घेतला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण, काही प्रकारांत, बाकीच्या कर्नलच्या तिप्पट ते सातपट असल्याचे दिसले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील गटाने २००८ मध्ये लिनक्सच्या फाइल-प्रणाली आणि साठवणीचे तीन प्रमुख ड्रायव्हर तपासले, तेव्हा तब्बल १,१५३ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के फंक्शन-कॉलमध्ये, खालून आलेला त्रुटी क्रमांक काहीही न करता टाकून दिलेला आढळला. वाचताना आलेल्या त्रुटींपेक्षा लिहिताना आलेल्या त्रुटींकडे अधिक दुर्लक्ष होते, आणि यांतील अनेक ठिकाणे अनवधानाची नसून बहुधा जाणूनबुजून सोडलेली आहेत, असेही त्यांनी नोंदवले. कर्नलबाहेरच्या मोठ्या वितरित प्रणालींचा अभ्यास टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या सर्वनाशी बिघाडांपैकी ९२ टक्के बिघाड, मुळात प्रणाली बंद पाडण्याइतक्या गंभीर नसलेल्या आणि प्रणालीने स्पष्टपणे कळवलेल्या त्रुटींची हाताळणी चुकल्यामुळे घडले होते. अडचणीचा इशारा मिळालेला होता. तो ऐकल्यानंतर काय करायचे, हे धडपणे लिहिलेले नव्हते.

लिहिण्यातील त्रुटी हरवली तर काय होते, याचे ठळक उदाहरण २०१८ मध्ये पुढे आले. प्रोग्रॅमने दिलेली माहिती कर्नल लगेच डिस्कवर लिहीत नाही. ती आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने लिहितो. माहिती नक्की डिस्कवर गेली का, याची खात्री करण्यासाठी एफसिंक नावाची मागणी असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लेखकांची वर्षानुवर्षे अशी समजूत होती की एफसिंक अयशस्वी झाली तर ती पुन्हा करावी, आणि दुसऱ्यांदा यश मिळाले की माहिती सुरक्षित झाली. लिनक्समध्ये मात्र लिहिणे फसल्यावर ती माहिती ‘लिहून झालेली’ म्हणून खूण केली जात असे, त्रुटी एकदा कळवली जात असे, आणि दुसऱ्या मागणीला यशाचे उत्तर मिळत असे. डिस्कवर न पोचलेली नोंद पोचली असे मानून डेटाबेस पुढे चालला असता. अखेर २०१९ च्या आरंभी पोस्टग्रेसने आपले वर्तन बदलले : एफसिंक फसताच काम थांबवायचे आणि स्वतःच्या नोंदवहीतून झालेले व्यवहार पुन्हा रचायचे. कर्नल आणि डेटाबेस या दोन्ही बाजूंचे लोक निष्णात होते. त्रुटीनंतर कोणी काय करायचे, याबद्दलची दोघांची समजूत मात्र एकमेकांशी कधी ताडून पाहिलेली नव्हती.

गाभ्यात चालणाऱ्या कोडमधील एका तपासणीची उणीव किती लांब पोचते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, विंडोजच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या भागाला नव्या मजकुरानुसार २१ वे मूल्य वाचायचे होते, प्रत्यक्षात त्याच्याकडे २० च मूल्ये होती, आणि हद्द ओलांडली जाते आहे का हे तपासले जात नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

माणूस आणि हत्यारे

क्वचित चालणारी वाट नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीच्या संगणकावर मेमरी मुबलक असते, डिस्क नवी असते आणि वायर घट्ट बसलेली असते. म्हणून कर्नलमध्ये मुद्दाम बिघाड घडवण्याची सोय ठेवलेली आहे : मेमरीची मागणी अधूनमधून जाणीवपूर्वक नाकारायची आणि ड्रायव्हर कसा सावरतो ते पाहायचे. फ्रान्समधील जुलिया लॉल यांच्या पुढाकाराने घडलेले कॉक्सिनेल आणि डॅन कारपेंटर यांचे स्मॅच ही हत्यारे कोड न चालवता केवळ वाचून सुटलेली लॉक, हरवलेले क्रमांक आणि चुकीच्या पद्धतीने तपासलेले पॉइंटर दाखवतात. काही वस्तू उपकरण निघताच आपोआप परत व्हाव्यात अशी व्यवस्था ड्रायव्हरसाठी आहे, आणि फंक्शन संपताच आवराआवर आपोआप करून घेण्याची सोय २०२३ पासून लिनक्समध्ये रुजते आहे. या साधनांमुळे शिडी लिहिण्याचे कष्ट कमी होतात. तरीही अमुक अडचणीत थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा की अर्धवट काम पुढे न्यावे, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

परीक्षक माणूस असल्याने त्याची नजरही चुकते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी, किरकोळ दुरुस्ती वाटावी पण परत केलेली मेमरी पुन्हा वापरली जावी अशा बेताचे बदल परीक्षकांकडे पाठवून पाहिले होते. ही गोष्ट उघड झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये मोठा वाद झाला आणि त्या विद्यापीठातून आलेले जुने बदलही पुन्हा तपासण्यात आले. फेरतपासणीत ४३५ बदलांपैकी बहुसंख्य योग्य ठरले, तर ३९ बदल दुरुस्तीयोग्य निघाले. न सांगता माणसांवर प्रयोग करणे गैर होते, हे त्या संशोधकांनीही मान्य केले. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली : आवराआवरीच्या ओळी छोट्या आणि एकसारख्या दिसत असल्याने तेथे वाचणाऱ्याचे लक्ष लवकर ढळते, आणि म्हणून तेथेच सर्वाधिक वेळ द्यायला हवा.

सातपुड्यातील अर्थ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले आहेत, आणि तेथे मोबाइलचे जाळे विरळ आहे. जे शहरातील प्रोग्रॅमरच्या टेबलावर अपवाद म्हणून घडते, ते अशा ठिकाणी नित्याचे होते : जोडणी मध्येच तुटते, वीज जाते, उत्तर वेळेत येत नाही, आणि शेतात व मजुरीत झिजलेल्या बोटांचा ठसा पहिल्या प्रयत्नात उमटत नाही. कोडमधील जी वाट लिहिणाऱ्याने कधी चालवून पाहिलेली नसते, त्या वाटेने या भागातील माणसाचा व्यवहार आठवड्यातून कितीदा तरी जातो. म्हणून त्रुटी-हाताळणीचे परीक्षण हा केवळ तांत्रिक नेटकेपणाचा विषय राहत नाही. यंत्र कोणासाठी चालेल आणि कोणाला माघारी पाठवील, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

ठसावाचक निखळला असेल तर तो पुन्हा जोडायचा. नेटवर्क पोचत नसेल तर जागा किंवा वेळ बदलायची. ठसाच जुळत नसेल तर डोळ्याचे बुबुळ, ओटीपी किंवा नोंदवहीतील पर्यायी व्यवस्था वापरायची. तीन अडचणींचे हे तीन उपाय आहेत, आणि नेमका उपाय निवडता यावा यासाठी कारण तळापासून पडद्यापर्यंत शाबूत पोचले पाहिजे. आधारच्या प्रमाणीकरणातही असे क्रमांक आहेत : ठसा जुळला नाही तर ३००, धारकाने आपली बायोमेट्रिक माहिती लॉक केली असेल तर ३३०, क्रमांक चुकीचा किंवा माहिती अनुपलब्ध असेल तर ९९८. ड्रायव्हरने उणे ११० चे उणे १ केले, ॲपने त्याचे ‘अयशस्वी’ केले आणि दुकानात त्याचे ‘अंगठा लागत नाही’ झाले, की यंत्राची अडचण माणसाच्या बोटावर लादली जाते आणि ज्या बाईचा ठसा मुळात तपासलाच गेला नाही तिला तो जुळला नाही असे ऐकावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात, प्रमाणीकरण फसल्यामुळे पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहू नये, या मुद्द्याची दखल घेतली गेली आहे. हे तत्त्व प्रत्यक्षात यायचे असेल, तर ‘प्रमाणीकरण फसले’ आणि ‘प्रमाणीकरण झालेच नाही’ यांतील भेद यंत्राला सांगता आला पाहिजे.

यावर करण्याजोगे बरेच आहे, आणि ते महाराष्ट्रात करता येण्याजोगे आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले धनंजय ढमढेरे यांनी ऑपरेटिंग सिस्टीमवर लिहिलेली पाठ्यपुस्तके देशभरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी अभ्यासली आहेत, म्हणजे या विषयाच्या अध्यापनाची परंपरा राज्यात आहे. तिला परीक्षणाच्या सरावाची जोड मिळायला हवी. लिनक्सचा संपूर्ण कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास सर्वांसाठी खुला असल्याने शहाद्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थीही एखादा छोटा ड्रायव्हर घेऊन, प्रत्येक टप्पा फसला तर काय होईल, हे कागदावर मांडू शकतो. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्रोग्रॅम चालला म्हणून पूर्ण गुण देण्याऐवजी काही गुण, मेमरी नाकारली किंवा वायर काढली असता तो कसा वागतो, यासाठी ठेवता येतील. सरकारी खात्यांनी यंत्रे खरेदी करताना जोडणी तोडून, वीज घालवून आणि साठवण भरून घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष मागावेत, आणि खरे कारण व पुढची पायरी पडद्यावर स्पष्ट मराठीत दिसण्याची अट घालावी. रेशन दुकानदार आणि ग्रामसभा यांनीही ‘यंत्र चालत नाही’ एवढ्यावर न थांबता पडद्यावरचा क्रमांक लिहून घेऊन तक्रारीत नोंदवावा, कारण तो क्रमांक हाती असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला दोष कोणत्या थरात आहे ते कळते.

ड्रायव्हर लिहिणारा कोणत्याही देशात बसलेला असो, त्याच्या शिडीतील सुटलेली पायरी शोधून काढणारा परीक्षक अशा यंत्रांच्या प्रत्येक वापरकर्त्याचे काम करीत असतो, आणि त्या कामाला वेळ, वेतन व प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. सार्वजनिक वापराच्या सॉफ्टवेअरची परीक्षा त्याच्या सर्वांत सुरळीत दिवशी घेण्याची सवय सोडून ती सर्वांत अडचणीच्या दिवशी घेतली जावी, आणि ज्या तालुक्यांत असे दिवस वारंवार येतात ते तालुके चाचणीसाठी सर्वांत आधी निवडले जावेत. पहिला आधार क्रमांक देण्यासाठी ज्या जिल्ह्याची निवड झाली होती, त्या जिल्ह्याची ही मागणी रास्त आहे.